पाळण्याच्या दोरीजवळचा आवाज

माझ्या मायचा आवाज आता एकाच ठिकाणी उरला आहे, भागवतच्या बारशाच्या टेपवर. भागवत माझा धाकटा. आता त्याचेच केस पिकले. बारसं घनसावंगीकडच्या आमच्या सासरच्या गावी झालं. आमचे हे तेव्हा बदनापूरच्या शेती संशोधन केंद्रात नोकरीला होते आणि रेडिओ खोलून बसायचा त्यांना भारी नाद. हैदराबादहून आणलेला रिळांचा टेपरेकॉर्डर त्यांनी गावी नेला, पाळण्याच्या खांबाला माइक बांधला आणि बायकांचा पाळणा भरून घेतला. त्यानंतर माय फार दिवस राहिली नाही.

ती टेप आम्ही ह्यांनीच बनवलेल्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवर ऐकायचो. काचेचे दिवे लालसर झाले की तापलेल्या धुळीचा वास यायचा. मागं घूं घूं चालू असायची आणि त्यातून बायकांचे आवाज उसाच्या पाकासारखे दाट, एकमेकांत मिसळून यायचे. त्यातला एक वर चढायचा, जरा जाड, कडव्याच्या शेवटी थरथरणारा. तो मायचा. पाळणा म्हणावा तर तिनंच, असं माहेरी सगळे म्हणायचे. हे गेल्यावरही दर सणाला मी तो आवाज ऐकायची आणि पदर डोळ्याला लावायची.

यंदा दिवाळीत तो अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला, तो पडलाच. मी जेवेना, तेव्हा भागवतनं पुण्याहून नवं सामान मागवलं. जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत टेम्पो शिरेना, म्हणून दोन काळे डबे हातगाडीवर घरी आले.

"एवढ्या जागेत वर्षाची ज्वारी मावली असती," सून संध्या म्हणाली.

"तुला ज्वारीच दिसती," भागवत म्हणाला. मग मला म्हणाला, "आई, ह्यो लहान डबा प्रीअ‍ॅम्प. टेपातला बारीक आवाज हा सांभाळून उचलतो. मागचा मोठा त्याला ताकद देतो. स्वतःचं काही मिसळत न्हाई."

"माय ऐकू यील का तेवढं सांग."

"बिलकुल यील."

दुपारी त्यानं टेप लावली. घूं घूं नव्हतीच. मला वाटलं, सुरूच झालं नाही. तेवढ्यात पाळण्याची कडी करकरली, इतकी जवळ की मी मान वळवली. मग बायका म्हणू लागल्या. दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यांचे काठ उन्हात निरनिराळे दिसावेत, तशा त्या वेगळ्या झाल्या. ही थोरली जाऊ. ही शेजारची दैवशाला, नाकात म्हणणारी. आणि तो जाड, थरथरणारा आवाज आला. त्याच्या आधी घसा खाकरला, ते खाकरणं मी चुलीपाशी सारा जन्म ऐकलं होतं.

आत्याबाई. माझ्या सासूबाई.

"बंद कर," मी म्हणाले. "हे खोटं बोलून राह्यलं."

"आई, यंत्र कशाला खोटं बोलंल?"

"मंग मी इतकी वर्षं कोणासाठी रडले? जिनं मला एक गोड शब्द दिला न्हाई, तिच्यासाठी?"

संध्यानं पाण्याचा तांब्या आणून दिला. मी तो बाजूला सारला. एकच ठिकाण होतं मायचं, तेही रिकामं निघालं.

भागवत पुन्हा यंत्राशी वाकला. "थांब जरा. कडव्याच्या आधी काहीतरी हाय." त्यानं टेप मागं नेली आणि लहान डब्याची कळ हळूच फिरवली.

कडी करकरली. मग दोरीच्या अगदी जवळून, नुसत्या श्वासात कोणी म्हणालं, "चांदीचा वाळा…"

आणि आत्याबाईंनी सूर लावला, "चांदीचा वाळा घाला गं पायी."

पुन्हा करकर. पुन्हा तोच श्वास, "मामाची टोपी…" आणि आत्याबाई, "मामाची टोपी शोभते डोई."

मला सगळं दिसलं. मी तेव्हा आत बाजेवर होते, पण दारातून दिसायचं, दोरी मायच्या हातात होती. आमच्याकडे बारशाला पाळणा बाळाच्या बापाच्या आईनं म्हणायचा. विहिणीनं तिच्या घरी जाऊन पुढं होऊन म्हणायचं नाही. आत्याबाईंना दोन कडव्यांपुढं काही आठवायचं नाही, म्हणूनच तो आवाज मी मायचा धरून बसले होते. भरल्या घरात त्या गप्प पडल्या असत्या. मायनं दोरी ओढता ओढता शब्द पुरवले आणि त्यांनी ते उचलले. शेजारी बसलेल्या जावेलाही कळलं नसेल. घूं घूंच्या खाली ते पुसूनच जायचं.

दुसऱ्या दिवशी माय निघाली, तेव्हा कोणाला दारापर्यंतही न पोचवणाऱ्या आत्याबाई तिची पिशवी घेऊन एसटीपर्यंत गेल्या होत्या. परत आल्यावर मी विचारलं तर म्हणाल्या, "पाय मोकळे केले." मला ते कधी उमगलं नव्हतं.

भागवतनं आणखी एकदा लावली. आता मी डोळे मिटून बसले होते. टोपीचं कडवं संपलं.

"आई, पुढचं येतं का तुला?"

"न्हाई रे," मी म्हणाले. "गप बस. माय सांगंल आता."