उद्घाटकाची मुदतठेव

मंडईच्या नाटकाच्या पत्रकावर सुरेंद्रचं नाव ‘सहउद्घाटक’ म्हणून छापून आलं, तेही चौथ्या नंबरावर, तेव्हापासून त्याच्या जिवाला चैन नव्हतं. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात पक्की नोकरी, राहायला क्वार्टर, दारात बुलेट, आणि गावच्या पत्रकावर मात्र आपल्या वर तिघं जण! चिमूरकडच्या त्याच्या गावात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, वडशाहून नाटक कंपनी येते आणि जो सगळ्यात जास्त देणगी देईल तो उद्घाटक होतो. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सुरेंद्रला वाटायचं, हा मान लायकीवर मिळतो.

पुढच्या साली तो उद्घाटक झाला. पैसे बँकेचे. पगाराच्या खात्यात दमडी नसली तरी बँक ठरावीक रकमेपर्यंत पैसे काढू देत होती. त्याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात, आणि काढलेले पैसे व्याजासकट परत भरायचे असतात. सुरेंद्र त्याला ‘आपली लिमिट’ म्हणायचा, जणू सासऱ्यानं आंदण दिली होती. देणगी, गॉगल घातलेल्या फोटोचा फ्लेक्स, चार दोस्तांचं मटण, यांत लिमिट तळाला गेली. फेटा बांधून सुरेंद्रसाहेबांनी फीत कापली आणि दोन मिनिटं भाषण केलं. त्यातलं दीड मिनिट माईक बंद होता. बायकांत बसलेल्या प्रेमिलाला, त्याच्या बायकोला, हसावं की रडावं ते कळेना.

पैसे भरायचे सोडून त्यानं पगारच दुसऱ्या बँकेत वळवून घेतला आणि मोठा डाव टाकल्यासारखा मिशीवरून हात फिरवला.

“भरून टाका ना ते पैसे,” प्रेमिला म्हणाली.

“काऊन भरू? मोठमोठे लोक करोडो घेऊन पळते, त्याइले कोनी विचारत नाई. माह्या एवढ्याशा पैशानं का बँक बुडून राह्यली?”

बँकेचं पहिलं पत्र त्यानं नक्कल करत वाचून दाखवलं. पुढची न फोडताच टीव्हीखाली सारली. फोन आला की तो आचलच्या हाती द्यायचा आणि बाबा ड्युटीवर आहेत म्हणून सांगायला लावायचा. बारावीतली पोर बापासाठी खोटं बोलायची आणि नंतर आईकडे बघायचं टाळायची. प्रेमिलाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

प्रेमिला ठेकेदाराच्या मजुरांना डबे करून द्यायची. पहाटे उठून पोळ्या लाटायच्या, त्याच पैशातून आचलच्या नर्सिंगसाठी एक मुदतठेव जमली होती. ती त्याच बँकेत होती आणि होती सुरेंद्रच्या नावावर. “मानसाचं नाव असलं का बँकवाले इज्जत देते,” असं त्यानं तेव्हा सांगितलं होतं. प्रेमिलाचं नाव वारस म्हणून खाली, बारीक अक्षरात.

आचलला चंद्रपूरच्या कॉलेजात जागा मिळाली. फी शनिवारपर्यंत भरायची, नाही तर जागा पुढच्या मुलीला. ठेव मोडायला दोघं बँकेत गेले. सुरेंद्रनं उद्घाटनाचा कडक पांढरा शर्ट घातला होता.

काउंटरवरच्या रंजीता मॅडमनी कॉम्प्युटरवर पाहिलं, मग परत एकदा पाहिलं.

“ही ठेव मागच्या महिन्यात तुमच्या ओव्हरड्राफ्टमध्ये वळती झाली. मुद्दल आणि व्याज कापून सतराशे रुपये उरलेत.”

प्रेमिलानं मनाशी हिशेब केला. एवढी वर्षं भल्या पहाटे पेटवलेली शेगडी, आणि त्याचे झाले गॉगलवाले फ्लेक्स.

“अशी कशी वळती केली?” सुरेंद्र गरजला. “मी कोन आहो, मालूम आहे का तुमाले?”

“तेच पाहून केली, सर. कर्ज तुमच्या नावावर, ठेवही तुमच्याच नावावर. तीन पत्रं पाठवली होती.”

रांगेतलं कोणीतरी हसलं.

“पोरीले शिक्षनाचं कर्ज भेटन का?” प्रेमिलानं विचारलं.

“वडील सहकर्जदार लागतील, आणि त्यांची थकबाकी नोंदली गेली आहे. कोणत्याही बँकेत दिसेल. तुमच्या नावावर करता येईल, पण उत्पन्नाचा कागद लागतो.”

मजुरांच्या डब्यांना कागद कुठला? प्रेमिला बाहेर आली. उन्हात बुलेट चमकत उभी होती. रोज सकाळी तो तिला फडक्यानं पुसायचा, आचलच्या पहिलीच्या दप्तराला त्यानं कधी हात लावला नव्हता.

“चला, जुन्या गाड्या घेते त्या दुकानात,” ती म्हणाली.

“काऊन?”

“सगळ्या जागी तुमचंच नाव आहे ना. आता त्या नावाची एक सही पाह्यजे.”

“पागल झाली का तू? लोक का म्हनन?”

“लोकाइले मी सांगतो का म्हनाचं ते. टीव्हीखालची पत्रं आहेत अजून माह्यापाशी.”

त्यानं आजूबाजूला पाहिलं. फेटा बांधायला कोणी नव्हतं. दुकानात त्यानं बुलेटच्या कागदावर सही केली, आणि प्रेमिलानं ती डोळे भरून पाहून घेतली. शुक्रवारी फी भरली गेली.

दिवाळीच्या तोंडावर गावच्या नाटक मंडळाच्या गुणवंतरावांचा फोन आला. तो प्रेमिलानं घेतला.

“सुरेंद्रभाऊ आहे का, बाई? पत्रक छापाले द्याचं आहे. यंदाही उद्घाटकच ना?”

“ते डबे पोचवाले गेले. सायकलनं.”

“डबे?”

“पोरीची पुढच्या सालची फी जमवाची आहे. ड्युटीवरून आले का तेच पोचवते. नाव टाकाचं असन तं टाका, भाऊ, पैसा मात्र भेटनार नाई.”

मग गुणवंतराव म्हणाले, पाहू, जागा उरली तर टाकू. जागा उरली नाही.

सुरेंद्र रिकामे डबे घेऊन घामाघूम परतला. गुणवंतरावांचा फोन आला होता का, असं त्यानं हळूच विचारलं. प्रेमिलाला त्याची कीव यायला हवी होती, पण आली नाही. ते डबे आधी घासून टाका, ती म्हणाली.