नाकाची काकवी

मुरुडच्या अलीकडं, लातूर रस्त्याला लागून मन्मथआप्पाचं गुऱ्हाळ आहे. तिथल्या ग्यानोबा गुळव्याचं नाक गेलं, ही गोष्ट भादव्यापासून संक्रांतीपर्यंत फक्त दोघांना ठाऊक होती. एक ग्यानोबाला आणि एक त्या नाकाला. निदान ग्यानोबाची तरी अशीच समजूत होती.

गेलं म्हणजे जागेवर होतंच. चांगलं सरळ, लांब, मिशीवर पडवीसारखं उतरलेलं. पण भादव्यात पडसं आलं, पंधरा दिवस मुक्काम करून गेलं आणि जाताना आतलं सगळं सामान घेऊन गेलं. तंबाखूचा वास गेला, फोडणीचा गेला, शेणाचा गेला. ग्यानोबानं ओवा भाजून हुंगला, निलगिरीचे थेंब रुमालावर टाकले. एकदा तर आजूबाजूला कुणी नाही असं बघून रॉकेलच्या बाटलीत नाक घातलं. वारा तेवढा आत गेला आणि हात हलवत बाहेर आला.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर बिघडत नव्हतं. पण ग्यानोबाचं सगळं त्या नाकावरच उभं होतं. काहील म्हणजे रस आटवायची ती अवाढव्य कढई. चार माणसं आत मांडी घालून जेवतील एवढी. खाली चुलवाणात चिपाडं धडधडतात, वर रस उकळतो, मळी वर येते, ती झाऱ्यानं काढायची. मग रस दाटत जातो आणि एक घडी अशी येते की तीच काकवीची घडी. तिच्या अलीकडं उतरवली तर काकवी आंबते. पलीकडं गेली तर गुळाच्या वाटेला लागते, आणि आणखी पलीकडं गेली तर कडू. ती घडी ओळखतो तो गुळव्या. बाकीचे बुडबुडे बघत, पाण्यात थेंब टाकून बघत. ग्यानोबा नुसता वाफेत नाक वर करून उभा राही आणि म्हणे, "आला." तेवढा एकच शब्द. काहीलीजवळ 'झालं' म्हणायचं नाही, हा त्या गुऱ्हाळाचा रिवाज, कारण 'झालं' हे माणूस गेल्यावर म्हणतात. आणि 'आला' म्हणायचा हक्क एकट्या ग्यानोबाचा. अडतीस वर्षं त्या हक्कावर त्यानं बुडबुडे बघणाऱ्यांची चेष्टा केली होती. "डोळ्यानं तर म्हस बी बघते," असं तो म्हणायचा.

आता तो हक्क गेला की काय उरणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. दारातली खाट, आणि येणाऱ्याजाणाऱ्याचं "कसं काय, ग्यानोबा, बसलाव का?"

घरात माणसं मोजकी. मुलगा विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब सांभाळतो, शनिवारी येतो. बायको चांगुणाबाई तीन वर्षांमागं गेली. सून राजकन्या सासूच्या जागी गुऱ्हाळावर मळी काढायला येते आणि तिची सात महिन्यांची लेक छकुली लिंबाला बांधलेल्या झोळीत झोपते. रडली की ग्यानोबा तिला मांडीवर घेतो. एक-दोनदा असं झालं, की पोरीनं लंगोट असा भरला की सगळं गुऱ्हाळ पदर नि गमजे नाकाला लावून लांब सरलं, आणि ग्यानोबा मात्र तिला हलवत निवांत बसलेला. बायका म्हणाल्या, "आज्जा असावा तर असा. शी लागत न्हाई, शू लागत न्हाई." ग्यानोबानं ती तारीफ मान खाली घालून घेतली. राजकन्येनं पोर उचलून घेतलं आणि सासऱ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं.

देव मात्र एकेकदा दार लावून खिडकी उघडतो. मन्मथआप्पा पुण्याची नोकरी सोडून आला होता आणि त्यानं त्याच वर्षी जुनी लोखंडी काहील काढून स्टीलची बसवायचं ठरवलं. लातूरच्या जिलानी मिस्त्रीनं ती घडवून आणली. खाली तोटी, आणि बाजूला ताप दाखवणारा घड्याळासारखा मीटर.

मीटर बघून ग्यानोबा सगळ्यांसमोर म्हणाला, "रसाला ताप आलाय व्हय रं, जिलानीभाई? मग सुई बी टोचा की एखादी."

गुऱ्हाळ खो-खो हसलं. जिलानीही हसला. "चाचा, मीटर बेजान चीज हाय. बोलत न्हाई, हुंगत न्हाई. पडलं ऱ्हाईल एका बाजूला."

सगळे जेवायला गेल्यावर ग्यानोबा जिलानीच्या मागं येऊन उभा राहिला. "सहज इचारतो. काकवी कुठल्या आकड्याला म्हणतंय ते?"

"एकशे पाचच्या आसपास."

"चूक असंल."

"असंल की, चाचा," असं म्हणून जिलानीनं हत्यारं आवरली.

वाफेत आकडा काही दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशी मीटरच्या काचेवर, एकशे पाचच्या जागी, एक छोटी लाल टिकली चिकटली होती. ती तिथं कशी आली हे कुणी विचारलं नाही. काटा टिकलीच्या मागं सरकला की ग्यानोबा नाक वर करी, डोळे मिटून घेई आणि म्हणे, "आला." त्या हंगामात एकही काहील चुकली नाही. नाक असताना कधीमधी चुकायची.

काकवी इतकी सारखी उतरायला लागली की मन्मथआप्पाच्या डोक्यात बाटल्या आल्या. काचेच्या, सोनेरी झाकणाच्या, मोठ्या शहरांत विकायच्या. लेबलवर ग्यानोबाचा फोटो आणि खाली ओळ: 'ग्यानोबांच्या नाकाची काकवी'.

राजकन्येनं लेबल वाचलं आणि पदर तोंडाला लावला. "मामा, नाकाची काकवी म्हणल्यावर भाकरीला लावून कोण खाईल ओ?"

"तुला न्हाई कळायचं. ह्याला ब्रँड म्हणतेत," ग्यानोबा म्हणाला. शब्द मन्मथआप्पाचा होता. पण रात्रभर त्याला झोप आली नाही. नाक होतं तेव्हा त्याला कुणी लेबलावर घेतलं नव्हतं.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात व्हिडिओ काढायचं ठरलं. लातूरहून कशिश नावाची मुलगी कॅमेरा घेऊन आली. चटपटीत, गोड बोलणारी. ग्यानोबाला नवं धोतर नेसवलं, फेटा बांधला. तिनं काहीलीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मीटरसमोर थांबली.

"हे काढता येईल का? लोकांना जुनं बघायचंय. हे आलं की फॅक्टरी वाटतंय."

"काढू की. तसंही ग्यानोबानानाला कुठं लागतंय ते?" मन्मथआप्पा म्हणाला. "जिलानीभाई, काढा ते."

जिलानीनं ग्यानोबाकडं बघितलं. ग्यानोबा फेट्याचा शेमला नीट करत होता. "रस अजून सोडला न्हाई, निघंल," जिलानी हळू म्हणाला. "पर आप्पा, राहू दिलं तर काय बिघडंल? वरून फडकं टाकू."

"काढा म्हणतेत तर काढा की," ग्यानोबा म्हणाला. आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. अडतीस वर्षांचं तोंड होतं ते, त्याला दुसरं काही बोलायची सवय नव्हती.

पान्यानं मीटर निघाला, भोकात बोल्ट बसला. जिलानीनं मीटर फडक्यानं पुसून ग्यानोबाच्याच हातात दिला, टिकली वर करून. ग्यानोबानं तो बंडीच्या आतल्या खिशात टाकला. रसाचा ताप बघायचं यंत्र आता ग्यानोबाच्या छातीला लागून बसलं, आणि ताप तिथंच जास्त होता.

रस सोडला. चुलवाण पेटलं. राजकन्येनं भेंडीचं पाणी रसात घातलं, मळी वर आली, ती झाऱ्यानं काढत ती काहीलीभोवती फिरू लागली. छकुली झोळीत झोपली होती. तासभर काही नव्हतं. मग रंग बदलायला लागला, उकळीचा आवाज जड झाला आणि कशिश म्हणाली, "आजोबा, आता नाक वर करा. थोडं उजेडाकडं. हां, असंच थांबा."

ग्यानोबा नाक वर करून थांबला. गरम वाफ आत गेली. पाण्याची वाफ काय, रसाची काय, त्याला सारखीच. त्यानं कधी नाही ते खाली बुडबुड्यांकडं बघितलं. लहान होते, मोठे होते, फुटत होते. म्हशीला त्यातलं काय कळतं ते म्हशीलाच ठाऊक. अडतीस वर्षं ज्यांची चेष्टा केली त्यातला एकजण आत्ता शेजारी असता तर त्याच्या पाया पडला असता.

"आजोबा, खाली नका बघू."

त्यानं पुन्हा नाक वर केलं. सांगून टाकावं का? "आप्पा, माझं नाक गेलंय." चारच शब्द. पण कॅमेऱ्याचा लाल दिवा डोळे वटारून बघत होता, आणि समोर खोक्यांत पाचशे बाटल्यांवर पाचशे ग्यानोबा नाक वर करून उभे होते. त्या सगळ्यांचं नाक एका दमात कापायचं, हे एकट्याचं काम नव्हतं. चांगुणा असती तर, एवढंच त्याच्या मनात आलं. असती तर काय केलं असतं हे त्याला सुचलं नाही. ती मळी काढायची, एवढंच.

टण. टण.

राजकन्येनं झारा काहीलीच्या काठावर दोनदा आपटला, मळी झाडावी तसा.

"आला," ग्यानोबाचं तोंड म्हणालं.

तोंडच म्हणालं. त्यानं स्वतः काहीच ठरवलं नव्हतं. चुलवाणातली चिपाडं ओढली गेली, तोटी उघडली, आणि मधाच्या रंगाची जाड धार खाली उतरली. मन्मथआप्पानं ताटलीत थोडी घेतली, गार होऊ दिली आणि तीत बोटानं रेघ ओढली. रेघ उमटली, जरा थांबली आणि सावकाश मिटली. "एक नंबर," तो म्हणाला. कशिशनं टाळ्या वाजवल्या. जिलानी आकाशाकडं बघून काहीतरी पुटपुटला आणि पाना पिशवीत टाकला.

ग्यानोबा मात्र तसाच उभा होता. त्याच्या कानात टण-टण वाजत होतं, आणि ते आजचं नव्हतं. लोखंडी काहीलीवर ते जरा बसकं वाजायचं. आधी टण-टण, मग वास, मग 'आला'. किती वर्षं? चांगुणा एकदा आठ दिवस तापानं पडली होती, तेव्हा लागोपाठ तीन काहीली करपल्या. त्या वेळी त्यानं उसाला दोष दिला होता. खाऱ्या पाण्याचा ऊस म्हणाला होता.

दुपारी माणसं पांगली. राजकन्या लिंबाखाली पोरीला पाजायला बसली. ग्यानोबा लांबच, पाठ करून बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मळी तर कवाच संपली व्हती. झारा कशापाय आपटलीस?"

"सवय हाय, मामा."

"कुणाची?"

पोरीचा चुटूचुटू आवाज तेवढा येत होता. "आत्याबाईंनी शिकवलं. म्हणल्या, घडी आली की दोनदा काठाला आपटायचं. मळी झाडल्यावानी. मीटर आल्यावर बी मी आपटतच व्हते. तुमचं ध्यान टिकलीकडं असायचं."

"टिकली?"

"माझ्या पाकिटातली हाय ना ती. एक कमी पडली, तवाच कळलं. खरं म्हणलं तर त्याच्या आधी, लंगोटाच्या दिवशी."

ग्यानोबानं खिशातला मीटर काढून मातीत ठेवला. टिकली वाफेनं फिकट झाली होती. "म्हंजे माझं नाक पहिल्यापासून खोटंच म्हण की."

"न्हाई हो. आत्याबाई तसं कधीच म्हणल्या न्हाईत." राजकन्येनं पोरीला दुसऱ्या अंगाला घेतलं, पदर सावरला. "नाक खरं हाय म्हणायच्या. फकस्त जरा उशिरा येतंय. तवर काकवीचा गूळ व्हतो."

ग्यानोबा हसला नाही. पण त्याच्या मिशीला काहीतरी झालं. "आन् मला का न्हाई सांगितलं तिनं? पस्तीस वर्षं?"

"मी बी इचारलं व्हतं. म्हणल्या, गुळव्याचं नाक वर असलेलं बरं दिसतंय. आपलं काय, आपला झारा हाय."

ग्यानोबा उठला. तोटीखालच्या डेगीत काकवी अजून कोमट होती. पहिली पळी गुळव्याची, हाही रिवाज. त्यानं वाटीत पळीभर घेतली आणि सुनेपुढं आणून ठेवली. ती बोट लावून चाखेपर्यंत तसाच उभा राहिला.

"कशी हाय?"

"गोड हाय," ती म्हणाली. "वास बी छान येतोय."

"आसंल," ग्यानोबा म्हणाला.

व्हिडिओ संक्रांतीला आला. मुलगा सणाला घरी होता, त्यानं मोबाईल भिंतीला टेकवून लावला. काहील दिसली, वाफ दिसली, फेटा दिसला. राजकन्या दिसली नाही. तिचा हात आणि झाऱ्याचा दांडा एकदा कडेनं गेला. मग वाफेत ग्यानोबाचं नाक हळूहळू वर गेलं आणि मागं सनई वाजायला लागली.

"ते टण-टण कुठं गेलं?" ग्यानोबानं विचारलं.

"गडबड वाटत असंल, काढून टाकलं असंल, दादा. वरून म्युझिक लावतेत," मुलगा म्हणाला. "बघा तर, लोकांनी काय काय लिहिलंय. आजोबांच्या नाकाला सलाम म्हणून."

"मागं घे."

"काय?"

"पयल्यापासून लाव."

मुलानं पुन्हा लावलं. वाफ आली, फेटा आला, सनई सुरू झाली. ग्यानोबानं तिळगुळाच्या ताटलीतला चमचा उचलला. पडद्यावरचा ग्यानोबा नाक वर करून थांबला, आता तोंड उघडणार, तेवढ्यात खालच्या ग्यानोबानं स्टीलच्या ताटलीच्या काठावर चमचा दोनदा आपटला.

टण. टण.

"आला," मोबाईल म्हणाला.

चुलीपुढं राजकन्येचा लाटणारा हात थांबला. झोळीतल्या छकुलीनं मान वळवली आणि बोळक्या तोंडानं हसली. मुलगा एकदा बापाकडं, एकदा बायकोकडं बघत राहिला. "काय झालं?"

"झालं न्हाई म्हणू," ग्यानोबा म्हणाला. "पुन्हा लाव."