चार हात जमीन

हुकूम काढणाऱ्यांनो, तुम्ही चोर आहात. भिंत फोडणारा चोर निदान तोंड तरी लपवतो. तुम्ही भरदिवसा शिक्का मारून लुटता. शहराबाहेर कुठल्याही यहुद्यानं जमीन खंडानं घ्यायची नाही, असं फर्मावलंत आणि गेट्सेलला ऐन तोडणीत बागेतून हाकललंत. बाग जहागीरदाराची, पण वीस वर्षं राखली गेट्सेलनं. तोडलेली सफरचंदं तिथल्या झोपडीत गवताखाली पडली होती आणि तो इथं शहरात, धर्मगुरू रब्बींच्या स्वयंपाकघरात हात चोळत बसला होता.

त्याचा होणारा व्याही नोट्के लोहार बागेलगतच्या खेड्यातला जुना रहिवासी. त्याला तिथं राहायची मुभा होती.

"माल मी आणतो," नोट्के म्हणाला. "पण फौजदारानं विचारलं, कुणाचा, तर?"

"माझा म्हण!"

"खोटं बोलू? सण तोंडावर आलाय, व्याहीबुवा. मला नाही जमायचं."

"मग खरंच तुझा करतो. रब्बी, रुमाल काढा. त्याचं टोक धरलं की माल तुझा झाला, रीतच आहे."

"रुमालबिमाल नको. तो व्यवहार मला कच्चा वाटतो. जमीन दे आणि तिच्यासोबत माल दे. जमिनीसोबत दिलेला माल शास्त्रानं पक्का."

"जमीन? नखात आहे तेवढी माती घे!"

रब्बींनी चहाचा पेला खाली ठेवला. "आहे की तुझी जमीन. पवित्र भूमीत प्रत्येक यहुद्याची चार हात आहे. देवानं वाडवडिलांना दिलेली. कुणी बळकावली म्हणून मालकी जात नाही. जमीन कधी चोरीला जात नसते, असं शास्त्रच आहे. ती दे नोट्केला."

गेट्सेल ताडकन उठला. "माझी जमीन? आणि हे आज सांगताय?"

"आज गरज पडली."

"मग देत नाही, जा!"

"अगं बाई!" त्याची बायको त्राइने कपाळावर हात मारून म्हणाली. "नवरा जमीनदार झाला न् डोकंच फिरलं! सफरचंदं सडली तर?"

"सडू देत! जन्मात पहिल्यांदा जमीन मिळाली, ती चहा निवायच्या आत वाटून टाकू?"

"पिकतं काय रे तिथं?" नोट्केनं डिवचलं.

"तुला काय करायचंय? अंजीर!"

रब्बी पोट धरून हसले. "मांडवांच्या सणाला हातात धरायचं महाळुंग ज्याचं त्याचंच असावं लागतं. मग तुझं शेजाऱ्याला कसं देतोस?"

"परत करायच्या अटीवर. तेवढा वेळ ते त्याचंच."

"मग ही जमीनही तशीच दे. माल आला की दोन्ही परत."

गेट्सेलनं बराच वेळ दाढी खाजवली. "अंजिराला हात लावायचा नाही," तो शेवटी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. फौजदारानं विचारलं तेव्हा नोट्के "माझा!" असा काही ओरडला म्हणे, की घोडाच बुजला. फौजदारानं टोपीभर सफरचंदं उचलली आणि वाट सोडली.

"घे तुझी सफरचंदं, आणि घे तुझी जमीन," नोट्के भर चौकात म्हणाला. गेट्सेलनं हात कोटाला पुसले आणि ती जमीन ओंजळीत घ्यावी तसे पुढे केले. मग कोपरापासून बोटांपर्यंत मापत त्यानं तिथंच मातीत चार हात आखले आणि आत आडवा झाला. बरोबर मावला.

"आणि मी कुठं जाऊ?" त्राइनेनं विचारलं.

"ये, सरकतो."

चौक खदखदून हसला. तोही हसला. मग पडल्या पडल्या आभाळाकडे बघत म्हणाला, "झोपडीत माझी कुऱ्हाड राहिली."

हुकूमवाल्यांनो, जमीन चोरीला जात नाही म्हणतात. वसंतात त्या झाडांना मोहोर येईल आणि पहाटे दहिवर गोठेल. तेव्हा शेकोट्या पेटवून तो मोहोर जगवायला कोण जाणार? तुम्ही? बोला.