पहिला नंबर मानाचा

नम्रताने इंजिनिअरिंगच्या यादीत शेठचं कॉलेज पहिल्या नंबरला टाकलं, तर पोपटच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. अकरा वर्षं कंत्राटावर चालवलेली कॉलेजची बस पक्क्या नोकरीत चालवायला मिळणार, ही पहिली. पोरीच्या फीत निम्मी सवलत, ही दुसरी. आणि पोरगी सकाळी त्याच्याच बसमधून जाणार, संध्याकाळी त्याच्याच बसमधून येणार, म्हणजे काळजीचा खर्च शून्य, ही तिसरी. जाणार काय, ते त्याने मोजलं नव्हतं. जमेची बाजू माणूस स्वतःच्या अक्षरात लिहितो आणि खर्चाची दुसऱ्याला लिहायला सांगतो, त्यातलाच प्रकार.

शेठ म्हणजे येसाजीशेठ. खालापूरच्या बाहेर माळावर त्यांचं कॉलेज. एकदा बसपाशी उभं राहून त्यांनी सहज विचारलं होतं, "काय पोपट, पोरीची सीईटी झाली म्हणे. यादीत आपला कितवा नंबर?"

"शेठ, आपल्याशिवाय पहिला कोण?" पोपट म्हणाला.

"मग तुझंही पक्कं करून टाकू या. फीचंही बघू. निम्मी सोडू."

शेठ गाडीत बसून निघून गेले. पाच मिनिटांत विसरलेही असतील. पोपट विसरला नाही. त्याने शब्द दिला होता आणि शब्द देताना पोरीला विचारलं नव्हतं.

पोरीचं मन दुसरीकडेच होतं. तिला मेकॅनिकल हवं होतं, तेही घाटावरच्या सरकारी कॉलेजात. दोष बापाचाच. रविवारी भिसेगावच्या घरासमोर बस धुवायला लावली की सात वर्षांची नम्रता पाना धरून बॉनेटपाशी उभी राहायची. अकराव्या वर्षी तिला आवाजावरून कळायचं की पट्टा सैल झालाय. मे महिन्यात मामाबरोबर ती त्या सरकारी कॉलेजचं वर्कशॉप बघून आली. तिथली लेथ मशीन बघून आल्यावर दोन दिवस नीट जेवली नाही, इतकी खूश होती.

"मुलीनं काळ्या हातांचं शिकायचं?" पोपट म्हणाला होता.

"तुमचेच हात बघत मोठी झाली ती," त्याची बायको सुंदरा म्हणाली. "आता त्यांचीच लाज वाटाया लागली होय?"

यादी भरायला बापलेक शिळफाट्यावर हारूनभाईच्या दुकानात गेले. हारूनभाईंकडे झेरॉक्स, दाखल्यांचे अर्ज, लग्नपत्रिका, सगळं एकाच खोलीत. भिंतीवर गणपतीच्या पत्रिकांचे नमुने, शेजारी निकाहच्या कार्डांचे, आणि खाली गेल्या वर्षी कुठल्या कॉलेजची कुठली शाखा किती मार्कांवर बंद झाली त्याचे तक्ते.

"बोल बेटा," हारूनभाई म्हणाले. "एक नंबरला काय टाकू?"

"सरकारी. मेकॅनिकल."

"ते दोन नंबरला टाक गं," पोपट पुढे सरकला. "एकला शेठचं. नुसतं मानाला."

"मानाला म्हणजे काय बाबा? लग्नपत्रिका हाय का ही?"

"मग काय वेगळं हाय? पत्रिकेत पहिलं नाव कुणाचं असतं? कैलासवासी आजोबाचं. तो येतो का अक्षता टाकायला? मान त्याचा, काम बाकीच्यांचं. आपल्या किरणच्या लग्नात थोरल्या काकांचं नाव तिसऱ्या ओळीत गेलं. मांडवात आले, पण पानावर नाय बसले. अजून बोलत नायत. शेठला आपण शब्द दिलाय."

हारूनभाई हसले. "पोपटदादा, मी दोन्ही छापतो, म्हणून सांगतो. पत्रिकेत पहिलं नाव चुकलं तर भावकी रुसते. इथं पहिलं नाव लागलं तर पोरगी जाते. मशीन वरून खाली वाचतं. तिच्या मार्कांत पहिलं बसलं की तिथंच थांबतं. खालचं काय लिवलंय ते बघत पण नाय. आणि एक नंबर लागला की तो घ्यायचाच. नको म्हटलं तर सरकारी फेऱ्यांतून बाहेर."

पोपटचा चेहरा पडला. त्याने उगाच भिंतीकडे पाहिलं, तेव्हा नजर तक्त्यावर गेली. बसचं वेळापत्रक वाचावं तसं बोट फिरवत तो एका ओळीवर थांबला. शेठच्या कॉलेजची नवी शाखा, कृत्रिम बुद्धिमत्तेची. गेल्या वर्षी त्र्याण्णव पर्सेंटाइलला बंद.

"नमू, तुला किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

पोपटच्या डोळ्यांत जी चमक आली ती त्याला स्वतःलाच आवडली. "मग झालं की! एक नंबरला शेठचं कॉलेज, पण ही शाखा. ती तुला मिळणार नाय. मशीन खाली उतरेल, दुसऱ्या नंबरला तुझं सरकारी. शब्द पण राहिला आणि लेथ पण राहिली. देवाला नैवेद्य दाखवायचा, खायचा आपण."

"दादा, गेल्या वर्षीचा आकडा गेल्या वर्षीचा असतो," हारूनभाई म्हणाले.

"पाच मार्कांचा फरक हाय, भाई. पाच मार्कांत अख्खी बस बसंल."

नम्रताने तक्ता स्वतः वाचला. मग मागच्या दोन वर्षांचे मागून घेतले, तेही वाचले. त्या शाखेचा आकडा दर वर्षी चढतच होता. खुर्चीच्या कडेला बसून बाप चप्पल काढ-घाल करत होता. अकरा वर्षं तो दर जूनला कंत्राटाच्या कागदावर सही करताना असाच बसायचा.

"बाबा, यानं तुमचं पक्कं होईल?"

"शेठनं सांगितलंय."

"टाका चाचा," ती म्हणाली.

मोबाईलवर आलेले ओटीपीचे सहा आकडे पोपटने मोठ्याने वाचून दाखवले. यादी बंद झाली. बाहेर येऊन त्याने तिला उसाचा रस पाजला आणि स्वतः दोन ग्लास प्यायला. हुशार माणसाला तहान जास्त लागते.

प्रवेशाची यादी लागली त्या दिवशी पोपट बस लावून कॉलेजच्या फाटकाशी उभा होता. हारूनभाईंचा फोन आला.

"लागलं, दादा."

"सरकारी?"

"एक नंबर."

शेठने त्या शाखेच्या जागा यंदा दुप्पट करून आणल्या होत्या. जागा वाढल्या तसा आकडा उतरला आणि सत्त्याऐंशीवर येऊन थांबला. पोपटच्या सगळ्या हिशोबात एवढीच ओळ राहिली होती.

घरी शेजारणी पेढे मागत होत्या. कृत्रिम बुद्धिमत्ता मिळालीय, लोक पैसे मोजून घेतात, असं जो तो सांगत होता. सुंदराने पेढे आणले, पण हसत नव्हती. नम्रता ओट्यापाशी उभी होती. बापाला बघून तिने वाटी पुढे केली.

"घ्या बाबा. तुमचा मान पोचला."

पोपटने पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला. "नाय घेतलं तर गं?"

"वर्ष थांबायचं. आणि शेठला काय सांगणार? पहिला नंबर टाकला आणि मिळाल्यावर लाथाडला?" तिने वाटी ओट्यावर ठेवली. "थांबू?"

याचं उत्तर पोपटला येत होतं. ते त्याने दिलं नाही. दुसऱ्या दिवशी नम्रताने स्वतःच कागदांची पिशवी भरली.

प्रवेशाच्या खिडकीवर पोपट निम्म्या सवलतीचं बोलला. आतल्या बाईंनी उत्पन्नाचा दाखला पुढे-मागे करून पाहिला. "काका, असा दाखला असला की मुलींची शिकवणी फी सरकारच भरतं. इथं भरतं, सरकारी कॉलेजात पण भरलं असतं. शेठ कशातली निम्मी सोडणार?"

आठवड्याने कर्जतच्या चार फाट्यावर फ्लेक्स लागला. शेठचा मोठा फोटो, त्याखाली नम्रताचा छोटा, आणि अक्षरं, 'आमच्या पोपटभाऊंची कन्या. पहिली पसंती, आपलंच कॉलेज!' बस त्याच्याखालून दिवसातून दोनदा जायची.

एकदा पोपट शिळफाट्यावर उतरला आणि हारूनभाईंना त्याने विचारलं, "भाई, एक सांग. आपण यादीत कुणाला कितवा नंबर दिला, ते शेठला दिसतं?"

"प्रवेशाच्या कागदावर छापून येतं ना. पोरगी लागली म्हणून दिसलं."

"आणि नसती लागली तर?"

"तर कुणाला दिसणार? यादी तुमची आणि मशीनची." हारूनभाईंनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही सरकारी एक नंबरला टाकून शेठला सांगितलं असतं, पहिले तुम्हीच होता, लागलं नाय आमचं नशीब, तर ते बिचारे तुमचंच सांत्वन करत बसले असते."

"हे तवाच सांगायचं होतं."

"तवा तुम्ही मला पाच मार्कांत बस बसवून दाखवत होता, दादा."

पोपटने एक रिकामी लग्नपत्रिका उचलली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि परत ठेवली.

शेठ शब्दाला मात्र पक्के निघाले. दिवाळीच्या आधी पोपटला पक्क्या नोकरीचं पत्र मिळालं. पगार वाढला, रजा मिळाल्या, दवाखान्याचं कार्ड मिळालं. शेठला जाहिरातीसाठी पोरगी मिळाली आणि सरकारकडून तिची अख्खी फी. सुंदराला पोरगी घरात मिळाली. ज्याला त्याला काहीतरी मिळालं होतं, त्यामुळे पोपट काही दिवस असाही विचार करून पाहायचा की कुणाचं काही गेलंच नाही.

नम्रता रोज तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायची. अभ्यास करायची, मार्कही बरे पडत होते, तक्रार कधी केली नाही. पोपटने मधला आरसा जरा वर फिरवून ठेवला होता. त्यात आता मागची काच दिसायची, तिसरा बाक दिसत नव्हता.

जानेवारीत एका सकाळी पळसदरीचा चढ चढताना ती उठून पुढे आली आणि दांडीला धरून उभी राहिली.

"बाबा, इंजिन ओरडतंय, पण गाडी चढत नाय. क्लच प्लेट घसरतेय."

"कालच तर बघितली मी."

"ऐका तरी."

पोपटने ऐकलं. त्याला काही कळलं नाही. तरी संध्याकाळी त्याने बस खोपोलीच्या गॅरेजला नेली. मेकॅनिकने प्लेट काढून दाखवली. पार घासून गुळगुळीत झाली होती.

"अजून चार दिवस चालवली असती तर चढावर मागं आली असती, भरलेली," तो म्हणाला. "कुणी ओळखलं?"

"पोरीनं."

"काय शिकते? मेकॅनिकल?"

पोपटने बिल मागितलं. नव्या प्लेटचे पैसे कॉलेजने भरले. बाकीचं नम्रताने.