सोमवारचा घेवडा आणि माझं पांढरं अस्तर

मित्रांनो, मी एक जुनं, पोचे पडलेलं पातेलं आहे. सातासमुद्रापार, मेरिदा शहरात नेल्सीबाईंच्या घरी राहतं. इथे सोमवारी घरोघरी काळा घेवडा आणि डुकराचं मांस शिजतं, आणि आमच्या घराण्याची सोमवारची पंगत माझ्याच भोवती बसते. उगाच फुशारकी मारत नाही हं!

पूर्वी मी अंगणातल्या हौदातल्या पावसाच्या पाण्यावर शिजवायचं. मग नळ आला आणि हौदावर झाकण पडलं. आमची जमीन सगळी चुनखडीची, त्यामुळे नळाचं पाणी भारी जड. माझ्या पोटात पांढरा थर साचू लागला. नेल्सीबाई तो घासू देत नसत. ही सगळ्या सोमवारांची चव आहे, म्हणायच्या. कसली चव! चुनाच तो. माझा जीव नुसता गुदमरायचा.

घेवडा काही केल्या शिजेना. यजमान विल्बर्थ चिडवायचे, सोमवारचं जेवण मंगळवारी वाढ म्हणून. त्यांची थोरली बहीण अ‍ॅडी मात्र चिडवून थांबली नाही. एक कोरं पातेलं घेऊन आली आणि म्हणाली, "नेल्सी, पुढच्या खेपेला दाणा दाताखाली आला, तर सोमवारची पंगत माझ्याकडे."

नेल्सीबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. सासूबाईंनी त्यांच्या हाती दिलेली पंगत होती ती.

माझी रवानगी अंगणात झाली. आता भंगारात जाणार, या विचाराने मला रडू यायचं. रविवारी मांसाला लावायला बाईंनी आंबट संत्री पिळली, साली माझ्यात टाकल्या आणि वर उरलेलं उकळतं पाणी ओतलं. अहाहा! माझ्या पोटात फसफस झाली आणि थराचे पापुद्रे सुटू लागले.

तिकडे नव्या पातेल्यात चाचणीचा घेवडा रटरटत होता. दुपार टळली तरी दाणा टणक, आणि नव्या बुडाला पांढरं कडं! बाई कड्याकडे बघत राहिल्या. मग अंगणात आल्या, माझ्यातले पापुद्रे पाहिले आणि स्वतःशीच हसल्या.

"अहो," त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "हौदाचं झाकण काढा."

सोमवारी मी चकचकीत होऊन चुलीवर चढलं, पोटात पावसाचं पाणी घेऊन. घेवडा लोण्यासारखा शिजला. अ‍ॅडीने पहिला घास घेतला आणि ताट पुन्हा पुढे केलं.

"मग वन्सं, पुढचा सोमवार कुठे?" नेल्सीबाईंनी विचारलं.

"इथेच," अ‍ॅडी म्हणाली. "पण जाताना मला तुमच्या हौदातलं बादलीभर पाणी दे."

तर मित्रांनो, भांड्याला नावं ठेवण्याआधी पाणी बघत जा. तुमच्याकडे लिंबं आहेत, चिंच आहे. पिळून झालेलं लिंबू फेकू नका. आधी ते तुमच्या पातेल्याच्या पोटावरून फिरवा. बिचारं बोलत नाही, पण त्याला फार बरं वाटतं.