दोर्वालिनोचा अपशकुन

सकाळी घराबाहेर पडल्यावर मुंगीखाऊ दिसला, तर घोडं वळवायचं आणि गुमान घरी यायचं. पंतनालच्या पाणथळ रानातल्या गुराख्यांचा हा नियम दोर्वालिनोने जन्मभर पाळला होता. एकदाच मोडला, आणि त्याच संध्याकाळी थोरली क्लेउझा नोकरीचं निमित्त करून ट्रकमध्ये बसली ती शहराचीच झाली. वर्षातून एकदा येते आणि आल्या आल्या डासांच्या नावाने बोटं मोडते.

आता धाकटी जुरेमा तरी जवळ राहावी, एवढंच म्हाताऱ्याचं मागणं. पण रान बघायला येणारे पाहुणे वाडीवर उतरवून घेणाऱ्या मालकीणबाईंनी तिला सांगून टाकलं होतं, "आज पाहुण्यांना मुंगीखाऊ दाखव, तोही जनावराला त्रास न देता. जमलं तर वाटाड्याचं काम तुझं. नाही तर मी बाहेरून माणूस आणते." काम नाही म्हणजे जुरेमाही शहरात. मुंगीखाऊ दिसला तर अपशकुन, नाही दिसला तर पोरगी जाणार! दोर्वालिनो चांगलाच कात्रीत सापडला होता, आणि त्यात पाहुण्यांची घोडी न्यायचं काम त्याच्याकडेच.

पूर ओसरत आला होता. गुडघाभर पाण्यातून घोडी डुबुक डुबुक चालली होती. सगळ्यात पुढे इश्त्रेला, गळ्यात घंटा असलेली घोडी, आणि तिच्यावर दोर्वालिनो. इश्त्रेला जाईल तिकडे बाकीची जाणार, पाठीवर कोण बसलंय याची त्यांना फिकीर नव्हती. आज वाजू नये म्हणून जुरेमाने घंटेत चिंधी कोंबली होती.

"ओरडायचं नाही, खाली उतरायचं नाही," तिने चारही पाहुण्यांना बजावलं. "त्याला दिसतं कमी, पण नाक भलतं तिखट. वारा आपल्या तोंडावर हवा."

"मग आमच्या ह्यांना सगळ्यात मागे ठेव गं," दातांच्या डॉक्टरांची बायको म्हणाली. "अत्तराची अख्खी बाटली ओतून आलेत."

तेवढ्यात कोरड्या उंचवट्यावरच्या वारुळामागून ते आलं. आधी लांबलचक तोंड, मग बऱ्याच वेळाने झुपकेदार शेपूट.

दोर्वालिनोच्या हाताने डोक्याला विचारलंच नाही. त्याने लगाम खेचला, इश्त्रेला वळली आणि तिच्यामागे सगळी घोडी वळली. चारही पाहुणे माना मागे वळवून वळवून बघत घराकडे निघाले.

जुरेमाला किंचाळावंसं वाटलं, पण ओरडायची बंदी तिनेच घातलेली. घोडं दामटत ती बापाजवळ आली. "बाबा! कुठे निघालास?"

"घरी."

"का?"

"का म्हणजे? दिसलं ना ते!"

"अरे, ते दिसावं म्हणूनच तर आलोय!"

"क्लेउझाच्या वेळी मी त्याचं तोंड बघितलं. ती गेली."

"बाबा, ताई त्या ट्रकवाल्याच्या प्रेमात पडली होती. अख्ख्या गावाला माहीत होतं. मुंगीखाऊने काय केलं त्यात?" मग तिने त्याची टोपी धरली आणि हनुवटीपर्यंत खाली ओढली. "घे. तू बघूच नकोस. वळव घोडी."

टोपीच्या अंधारात दोर्वालिनोने वरात पुन्हा फिरवली. "उजवीकडे," जुरेमा कुजबुजत होती, "हळू... उजवा हात कुठला ते तरी आठव! बस्स. इथून पुढे पाऊल नाही."

"थोडं पुढे?" डॉक्टर कॅमेरा सरसावत म्हणाले. "ते उभं राहून हात पसरतं म्हणे. तसा फोटो..."

"घाबरलं की पसरतं, डॉक्टर. आणि नखं ही एवढी असतात. घाबरवायला आलोय का आपण?"

डॉक्टरांनी मुकाट कॅमेरा पोटाशी धरला.

कोणी पुढे गेलं नाही, म्हणून तेच पुढे आलं. वाऱ्याने त्याला काही कळवलं नव्हतं. वारुळं हुंगत, डुलत डुलत ते थेट इश्त्रेलाच्या समोर आलं. डॉक्टरीणबाईंनी हसू दाबायला रुमालाचा बोळा तोंडात कोंबला. दोर्वालिनोला दिसत काहीच नव्हतं, फक्त फुसफुस ऐकू येत होती, आणि त्यात जुरेमाचं दाबलेलं, गुदमरलेलं हसू. क्लेउझा गेल्यापासून पोरगी असं हसली नव्हती. त्याला राहवेना. त्याने टोपी उचलली.

मादी होती. पाठीवर पिल्लू, त्याचा काळा पट्टा आईच्या पट्ट्याला असा जुळलेला, की पोर कुठे संपतं आणि आई कुठे सुरू होते ते कळू नये. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "ही तर लेकुरवाळी आहे," तो पुटपुटला. "हिला भ्यालो मी जन्मभर?" आणि तो गदगदून हसायला लागला. टोपी पाण्यात पडली. मादीने नाक वर केलं, सगळ्यांची हजेरी घेतली आणि आपल्या चालीने निघून गेली.

दुपारी मालकीणबाईंनी जुरेमाचं काम पक्कं केलं. "उद्या आठ पाहुणे आहेत," म्हणाल्या.

"उद्या पण दिसायला पाहिजे?" दोर्वालिनोने लेकीला हळूच विचारलं.

"रोज दिसायला पाहिजे, बाबा. नाही दिसलं तर मी चालले शहरात."

दुसऱ्या दिवशी फटफटताच त्याने खोगीर कसलं. कुंपणापाशी गुराखी गार तेरेरे चहाने भरलेलं शिंग एकमेकांना देत बसले होते.

"इतक्या लवकर कुठे, दोर्वालिनोकाका?"

"अपशकुन हुडकायला," तो म्हणाला. "कोणाला दिसला तर वळू नका रे बाबांनो. आधी मला हाक मारा."