अकरा शतांशांनी वाढलेले बाबा

मेंदू मोजणाऱ्या त्या लॅबमध्ये तिला सगळे पाठीमागे फूटपट्टी म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. काम असं, की माणसाच्या डोक्याचा स्कॅन आला की कॉम्प्युटर मेंदूच्या वरच्या करड्या थराला आतून एक रेघ काढायचा, बाहेरून एक. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे जाडी, अडीच मिलिमीटरच्या आसपास. विसरण्याच्या आजारात हा थर वर्षागणिक पातळ होतो. तेव्हा पहिल्या स्कॅनला जे सॉफ्टवेअर, जे व्हर्जन, जी सेटिंग्ज, तीच शेवटच्या स्कॅनला. यात कुणी बोट घातलं की बाईंचा पारा चढलाच म्हणून समजा. एकदा तर तिने खुद्द मोठ्या डॉक्टरांना खुर्चीवरून उठवलं होतं. "सर, माऊस सोडा. तुमचे हात फार शिवशिवतात."

एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. माणसं दोनशे दहा. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या, आणि कुणाला काय मिळतंय ते कुणालाच ठाऊक नाही. स्कॅनवर नाव नसायचं, नुसता क्रमांक. त्यातला एकशे बारा मात्र तिला तोंडपाठ होता, कारण एकशे बाराला ती स्वतःच हाताला धरून घेऊन आली होती. ते तिचे बाबा. चौतीस वर्षं बस चालवली, गाडीला कधी ओरखडा नाही; आणि आता आपला चहा झालाय की नाही हे कपात डोकावून ठरवायचे. तिने गाडीची किल्ली काढून घेतली त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दोन वर्षांनी दुसरे स्कॅन झाले, आणि सगळ्यांचे झाल्यावर ते एकदमच मोजले गेले. एकशे बाराचा आधीचा आकडा दोन पॉइंट अडतीस. आता दोन पॉइंट एकोणपन्नास! अहो, कमी व्हायचा तो चक्क वाढला! आकडे लॅबबाहेर न्यायचे नाहीत, हा नियम तिनेच टाइप करून दारावर चिकटवलेला. त्याच दारातून ती घरी पळाली आणि चपला काढायच्या आत म्हणाली, "बाबा, तुमचा मेंदू जाड झालाय!"

"तुझी आई हेच म्हणायची," बाबा म्हणाले.

तिने किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि ढसाढसा रडली. मग रोज संध्याकाळी बाबा गाडी काढायचे, अर्ध्या तासाने परत आणायचे, आणि ही खिडकीतून बघून हरखून जायची.

महिन्याभराने कुणाला काय दिलं होतं त्या याद्या उघडल्या. मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा पडलेला होता.

"औषध घेणाऱ्यांचे मेंदू जाड झालेत."

"मग छानच की, सर!"

"पोकळ गोळ्या घेणाऱ्यांचेही. अगदी तेवढेच."

म्हणजे वाढ मेंदूंत नव्हती, मोजण्यात होती. तिने जाऊन कॉम्प्युटरची नोंद उघडली. नवीन व्हर्जन घालू का, असं तो रोज सकाळी विचारायचा आणि दोन वर्षं ती रोज 'नाही' दाबत आली होती. एका सकाळी मात्र 'हो' दाबलेलं होतं. तारीख बाबांच्या दुसऱ्या स्कॅनची. त्या दिवशी बाबा खाली गेटपाशी एकटेच उभे होते. ते कुठेतरी निघून जातील या धास्तीने बाईंनी न वाचता बटण दाबलं आणि खाली धावल्या.

"कुणी केलं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी."

त्यांना तिला बोलायची संधी आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती. पण माणूस भला. "नवीन व्हर्जन चुकीचं मोजतं का?" एवढंच म्हणाले.

"नाही, सर. जुनंही बरोबर, नवीनही बरोबर. आधीचं त्याने मोजलं आणि नंतरचं याने, ही चूक."

आठ दिवस सगळं पुन्हा मोजलं. औषधाचा उपयोग शून्य. एकशे बारा दोन्ही वेळा जुन्याने मोजला, तर अडतीसवरून एकोणतीस. तिचं मन मानेना, म्हणून दोन्ही वेळा नव्याने मोजला. अठ्ठावन्नवरून एकोणपन्नास. इकडून मोजा, तिकडून मोजा, नऊ शतांश गेलेच होते. कुठल्याच व्हर्जनला बाबांची दया आली नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा गाडीत बसून आरसा पुसत होते. ती शेजारी जाऊन बसली. रस्ताभर जुळवलेलं सगळं बोलणं ती विसरून गेली.

"बाबा, तो आकडा चुकला. चूक माझीच. वाढला नाहीये तो, कमी झालाय. किल्ली द्या मला."

त्यांनी लगेच काढून दिली. इतक्या लगेच, की तीच चमकली.

"रागावलात?"

"छे गं."

"महिनाभर इतकी छान चालवत होतात..."

"कसली छान! त्या पुढच्या वळणापर्यंत जातो आणि कडेला उभी करतो. तिथून पुढचा रस्ता आठवत नाही. बसतो आपला जरा वेळ, आणि येतो परत."

"अहो, मग मला सांगितलं का नाहीत?"

बाबांनी फडक्याची नीट घडी घातली.

"तू किती दिवसांनी हसली होतीस," ते म्हणाले. "म्हटलं, राहू दे."